मेणबत्तीभोवतीचं कडं

बुधवारी सकाळी सहाला, प्रार्थना सुरू होण्याच्या जरा आधी, भिंगकाकांना वेदीवरच्या मेणबत्तीभोवती रंगीत कडं दिसलं.

चर्चमध्ये त्या वेळी तिघंच होते. पाळकसाहेब बाकांवर गीतांची पुस्तकं ठेवत होते. अक्का, म्हणजे काकांची थोरली बहीण, पहिल्या रांगेत डोळे मिटून बसल्या होत्या. काका जळती काडी हातात धरून उभे होते. मेणबत्ती केव्हाच पेटली होती, पण काडी विझवायचं त्यांना सुचलं नाही. पाळकसाहेब लांबूनच म्हणाले, "काका, बोट." तेव्हा त्यांनी ती विझवली.

कडं ज्योतीपासून वीतभर दूर होतं आणि अखंड गोल होतं. आतून निळं, मग हिरवं, मग पिवळं, बाहेरच्या कडेला लाल. काकांनी मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली. कडं ज्योतीला सोडून हललं नाही.

"तुम्हाला दिसतंय का?" काकांनी विचारलं.

"काय?"

"काही नाही."

एवढं म्हणून ते आपल्या जागी जाऊन बसले. प्रार्थना संपेपर्यंत त्यांनी एकदाही डोळे मिटले नाहीत, हे अक्कांनी डोळे मिटलेले असूनही पाहिलं.

भिंगकाका हे नाव त्यांना कामावर पडलं होतं. चष्मा जाड भिंगाचा, त्यामुळे मागचे डोळे बशीएवढे दिसत. लहान मुलं आधी दचकत आणि मग खुदकन हसत. काम रंगीत काचांचं: कागदी साच्यावर काच ठेवून हिऱ्याने कापायची, तुकडे शिशाच्या पट्ट्यांमध्ये बसवायचे, सांध्यांवर कथलाचा डाग द्यायचा आणि खिडकी उभी करायची. काकू पडदे शिवत. घरांचे, दुकानांचे, शाळेच्या रंगमंचाचे. नवरा उजेड आत घेतो आणि बायको तो अडवते, म्हणून यांचा संसार समतोल चालला आहे, असं शेजारी म्हणत. काकू त्यावर म्हणत, "बिल मात्र दोघांचंही एकदम थकतं."

चर्चच्या वेदीवरची गोल खिडकी वादळात झाडाची फांदी आदळून फुटली होती. कडेच्या काचा वाचल्या. मधला मोठा गोल गेला. त्यात काय होतं, हे कोणालाच नीट आठवेना. अक्कांच्या मते कोकरू होतं, खजिनदारांच्या मते कबूतर. खालच्या बाकावरून बघणाऱ्याला दोन्ही पांढरंच दिसत असावं. वाद इतका लांबला की भोकावर ठोकलेली फळी पावसाने काळी पडली आणि वेदीकडून सकाळचाही उजेड येईना. शेवटी मंडळीने ठरवलं, काय बसवायचं ते भिंगकाकांनीच बघावं. काका म्हणाले, "मी बघणारा कोण? मागून घेतो." तेव्हापासून ते रोज सकाळी प्रार्थनेला येत आणि एकच गोष्ट मागत: तिथे काय होतं ते दाखव, किंवा काय असावं ते दाखव.

म्हणून बुधवारी जे दिसलं, त्याचा अर्थ लावायला त्यांना वेळ लागला नाही.

गुरुवारी कडं आलं नाही. शुक्रवारी आलं आणि बराच वेळ थांबलं. काका मान वर करून बसले होते. चर्च काळोखाने गळ्यापर्यंत भरलेलं होतं, एखादी टाकी पाण्याने भरावी तसं, आणि तळाशी एक ज्योत पेटलेली होती. कड्याच्या रंगांना कुठेच सांधा नव्हता. हिरव्यातून पिवळा कुठे सुरू होतो, हे शोधायला गेलं की हिरवा संपलेला असे. आयुष्यभर त्यांनी रंग तुकड्यांनी जोडले होते, मधे शिशाची काळी रेघ ठेवून. इथे रेघच नव्हती. आपण या खिडकीच्या आत बसलो आहोत आणि बाहेरून कोणी तरी शांतपणे आपल्याकडे बघत आहे, असं त्यांना वाटलं. उजव्या भुवईच्या वर बारीक ठणकत होतं. कडेचे बाक वाफ धरलेल्या काचेतून बघावेत तसे दिसत होते. बाहेर उन्हात आल्यावर सगळं स्वच्छ झालं. ठणकाही गेला.

रविवारी त्यांनी साक्ष दिली.

उपासनेच्या शेवटी, ज्याच्या आयुष्यात देवाने काही केलं असेल त्याने उभं राहून चार लोकांना सांगायचं, अशी तिथली रीत होती. कोणी नोकरीबद्दल सांगे, कोणी मुलाच्या परीक्षेबद्दल. एकदा दिलेली साक्ष मागे घेतल्याचं कोणाला आठवत नव्हतं. काका तोवर कधीच उभे राहिले नव्हते. ते उठले तेव्हा मागच्या रांगेतल्यांना वाटलं, खिडकी उघडायला उठले.

"मला मेणबत्तीभोवती एक कडं दिसतं," ते म्हणाले. "इथेच दिसतं. घरी नाही, वर्कशॉपमध्ये नाही. मी मागितलं होतं आणि मला दाखवलं. खिडकीत तेच बसवणार आहे."

अक्का रडल्या. पाळकसाहेबांनी मोठ्याने आमेन म्हटलं आणि त्यामागून सगळ्यांनी. कोकरू आणि कबूतर हा वाद त्या एका शब्दात मिटला.

पुढच्या दिवसांत काकांचा मान वाढला. सकाळच्या प्रार्थनेला तिघांऐवजी वीसेक माणसं येऊ लागली. लोक त्यांच्या बाकावर, त्यांना टेकून बसत. एक बाई आपल्या खोकणाऱ्या मुलाला त्यांच्या शेजारी बसवून गेली. मुलाचा खोकला गेला नाही, काकांना मात्र लागला. काकू म्हणाल्या, "वाटून घेतलात, चांगलं केलंत."

वर्कशॉपमधल्या मोठ्या टेबलावर कागदी साचा तयार झाला. आतला निळा, हिरवा आणि पिवळा ठरला. लाल काही जमेना. काकांकडे लाल काचेच्या बऱ्याच छटा होत्या, पण कड्याचा लाल बाहेरच्या बाजूला विरघळत जात होता. ते रोज वेगवेगळे तुकडे खिशात घालून चर्चला जात आणि ज्योतीसमोर धरून बघत. मात्र इतक्या माणसांमुळे दार सतत उघडे, बाजूच्या खिडक्यांतूनही उजेड येई, आणि कडं पुसट होई. म्हणून एक दिवस त्यांनी काकूंना सांगितलं, "बाजूच्या खिडक्यांना जाड पडदे शिवून दे. काळे. अजिबात उजेड नको."

"चर्चला काळे पडदे?"

"काळोख जेवढा जास्त, तेवढं कडं स्पष्ट. मग ते जातच नाही."

काकूंना नवल वाटलं, पण काम ते काम. त्यांनी पडदे शिवले. कापड चांगलं निघालं म्हणून त्याच ताग्यातून त्यांनी दुसरीकडचंही एक काम घेतलं. डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीच्या खोलीला काळे पडदे हवे होते.

दवाखान्यात माप घ्यायला गेल्या तेव्हा डॉक्टरीणबाई चहा पीत होत्या. खोली लहान होती. एक खुर्ची, हनुवटी टेकवायचं यंत्र, भिंतीवर अक्षरांचा तक्ता. काकू स्टुलावर चढून दांडी मोजत म्हणाल्या, "एवढा काळोख कशाला हो, डॉक्टर? फोटो धुता की काय?"

"डोळ्यातली बाहुली मोठी व्हावी म्हणून. मग आतलं दिसतं." डॉक्टरीणबाईंना बोलायला आवडत असे. "पण काही जणांना काळोखात जपून बसवावं लागतं. डोळ्यात सारखं पाणी तयार होतं आणि कडेच्या बारीक वाटेने निघून जातं. काहींची ती वाट मुळातच अरुंद. जाड भिंगाचा चष्मा असतो ना, दुर्बिणीसारखा, त्यांची बहुतेक तशीच. काळोखात बाहुली पसरली की वाट बुजते. पाणी तुंबतं, दाब चढतो, बुबुळावर वाफ धरल्यासारखं होतं. मग त्यांना दिव्याभोवती इंद्रधनुष्य दिसतं."

काकूंच्या हातातली मोजपट्टी सुटली आणि सळसळत गुंडाळली गेली.

"गोल?" त्यांनी विचारलं.

"गोल."

"आत निळं, बाहेर लाल?"

डॉक्टरीणबाईंनी कप खाली ठेवला. "भुवईवर दुखतं का?"

"उजव्या. ते म्हणतात, खोकल्यामुळे."

"आणि उजेडात आले की बरं वाटतं. म्हणूनच असे लोक माझ्याकडे येत नाहीत. एखाद्या दिवशी वाट पूर्ण बंद होते, मग येतात. तेव्हा मी काही करू शकेन की नाही, सांगता येत नाही. कोण आहेत तुमचे?"

"नवरा," काकू म्हणाल्या आणि स्टुलावरून उतरल्या. त्या दिवशी घेतलेलं माप चुकीचं निघालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

घरी आल्या तेव्हा काका जेवणाच्या टेबलावर लाल तुकडे मांडून बसले होते. काकूंनी ते एका बाजूला सारून बसायला जागा केली.

"अहो, तुमचं कडं दवाखान्यातल्या बाईंना माहीत आहे."

काकांचा चेहरा उजळला. "त्यांनाही दिसतं?"

"त्यांना नाही. त्यांच्या पेशंटांना."

मग त्यांनी सगळं सांगितलं, वाट, पाणी, वाफ, जसं ऐकलं तसं. काका ऐकत होते. मधेच म्हणाले, "पण वर्कशॉपमध्ये एवढे दिवे आहेत. तिथे का दिसत नाही? चर्चमध्येच का?"

"कारण वर्कशॉपमध्ये उजेड आहे आणि चर्चमध्ये काळोख आहे." काकूंनी पदराला हात पुसले. "आणि आता तर पडदेही आहेत. मीच शिवून दिले."

काकांनी एक तुकडा उचलून दिव्यासमोर धरला आणि परत ठेवला.

"मी सगळ्यांसमोर उभा राहून साक्ष दिली आहे."

"मग आणखी एकदा उभे राहा."

"आणि काय सांगू? देव नव्हता, तुंबलेलं पाणी होतं?"

"सांगा की डोळे तपासायला गेलो होतो. त्यात लाजायचं काय?"

"तू समजत नाहीस." काकांनी चष्मा काढला. चष्म्याविना त्यांचे डोळे अगदी लहान दिसत, कोणा दुसऱ्याच माणसाचे असावेत तसे. "त्या बाई डोळा बरा करतील. मग कडं जाईल ना?"

"जायलाच हवं."

"मग लाल कशावरून लावू? एकदा खिडकी होऊ दे. त्या दिवशी संध्याकाळी येतो तुझ्याबरोबर. शपथ घ्यायची आपल्यात रीत नाही, नाहीतर घेतली असती."

"बाई म्हणाल्या, थांबू नका."

"बाईंना खिडकी करायची नाही."

दुसऱ्या दिवशी काकू पाळकसाहेबांकडे गेल्या. अक्का तिथेच होत्या. काकूंनी दोघांना एकदमच सांगितलं, म्हणजे पुन्हा सांगावं लागू नये. पाळकसाहेब वयाने काकूंच्या मुलाएवढे. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा पडला, कारण आमेन पहिल्यांदा त्यांनीच म्हटलं होतं.

"विश्वासाची परीक्षा आहे ही," अक्का म्हणाल्या. "देवाने दिलं त्याला दवाखान्याचं नाव ठेवायचं?"

"अक्का, माझी दाढ दुखत होती ना गेल्या वर्षी," पाळकसाहेब म्हणाले. "मी आधी प्रार्थना केली. मग दंतवैद्याकडे गेलो. खुर्चीत बसून परत प्रार्थना केली, त्याचा हात स्थिर राहावा म्हणून. यातली कुठली प्रार्थना अविश्वासाची?"

"दाढ वेगळी."

"काय वेगळी? तीही त्यानेच दिली. आणि शुभवर्तमानातल्या त्या जन्मांध माणसाचं काय? प्रभूने नुसता शब्द उच्चारला असता तरी भागलं असतं. पण चिखल केला, डोळ्यांना लावला आणि त्याला धुवायला पाठवलं. तो बिचारा चिखल घेऊन गावातून चालत गेला. कोणी हसलंही असेल."

अक्कांनी मान फिरवली. काकूंना त्याचं कारण माहीत होतं. अक्कांचे यजमान ऑपरेशनच्या टेबलावर गेले होते. अक्कांना कोणीसं सांगितलं होतं, दारापाशी थांबा. त्या थांबल्या. लोक येत-जात होते म्हणून गुडघेही टेकले नाहीत. दार उघडलं तेव्हा सगळं संपलं होतं. त्यानंतर त्या कुठल्याही दवाखान्याची पायरी चढल्या नव्हत्या, आणि प्रार्थनेसाठी कुठल्याही जागेची लाज बाळगली नव्हती.

"वन्सं," काकू म्हणाल्या, "दार वाजलं तर आपण उठून उघडतो. आवाज छान आहे म्हणून ऐकत बसत नाही. कडं देवानेच दाखवलं म्हणा, माझं काही म्हणणं नाही. पण काय सांगायला दाखवलं, ते तरी बघू या."

अक्का उठल्या. "मी त्याच्याशी बोलत नाही," त्या म्हणाल्या. "मला विचारलंस म्हणून सांगते. त्याला मी अडवणारही नाही आणि पाठवणारही नाही."

पाळकसाहेब काकांकडे गेले. काका त्यांच्याशी अतिशय नम्रपणे बोलले, चहा दिला, साचा दाखवला आणि म्हणाले, "लाल झाला की जातो." याच्यापुढे बोलणं सरकलं नाही. जाताना पाळकसाहेब म्हणाले, "निदान पडदे काढतो." काका म्हणाले, "तेवढे शनिवारपर्यंत राहू द्या."

शनिवारी सकाळी प्रार्थना नसते. काका तरीही गेले. एकट्याने, पडदे ओढून, शांतपणे लाल बघता यावा म्हणून. खिशात कागदात गुंडाळलेले तुकडे होते.

त्यांनी मेणबत्ती लावली. कडं लगेच आलं, जणू वाटच बघत होतं. आज ते मोठं होतं. मग त्याच्या बाहेर आणखी एक दिसलं, अधिक रुंद, अधिक गडद, आणि त्याचा लाल थेट भिंतींपर्यंत गेला. काकांनी तुकडे काढायला खिशात हात घातला आणि ते विसरले. बाक दिसेनासे झाले होते. छत दिसत नव्हतं. सगळीकडे दुधासारखं पांढरं, आणि त्यात रंग हळूहळू फिरत होते. लहानपणी साबणाच्या फुग्यात डोकं घालता येईल का, असं त्यांनी आईला विचारलं होतं, ते त्यांना आठवलं. आई काय म्हणाली होती, ते आठवेना. डोकं उजव्या बाजूने फुटत होतं. पण ते डोकंही दूर कुठे तरी, शेजारच्या घरात कोणी खिळे ठोकत असावं तसं. हीच ती जागा, त्यांना वाटलं, फळीच्या मागची. आपण आत आलो.

अक्का फुलं बदलायला आल्या तेव्हा त्यांना काळोखात आधी आवाज ऐकू आला. काका वेदीच्या पायरीवर गुडघ्यांवर बसून ओकत होते.

"अक्का," ते म्हणाले. पावलांवरून त्यांनी ओळखलं. "दोन कडी आहेत. आणि मला तू दिसत नाहीस."

अक्कांनी फुलं खाली ठेवली. त्या काकांच्या शेजारी बसल्या, डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थना सुरू केली. डोळे मिटायच्या आधी त्यांचं लक्ष काकांच्या उजव्या डोळ्याकडे गेलं. ज्योतीच्या उजेडात तो लालबुंद दिसत होता, बाहुली मोठी, आणि मेणबत्ती जवळ नेली तरी ती बाहुली लहान झाली नाही. अक्का वाक्याच्या मध्येच थांबल्या.

"ऊठ," त्या म्हणाल्या.

"प्रार्थना?"

"चालता चालता करू. ऊठ."

बाहेर जाताना त्यांनी दारापाशी एका हाताने पडदा ओढला. तो दांडीसकट खाली आला. काकूंची शिवण पक्की होती.

पाळकसाहेबांनी गाडी काढली. काकू वाटेत चढल्या. अक्का मागे काकांचा हात धरून बसल्या होत्या आणि पुटपुटत होत्या. पाळकसाहेब नंतर म्हणाले की प्रत्येक सिग्नलचं नाव त्या प्रार्थनेत होतं.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यावर बोट टेकवून बघितलं आणि त्यांचं बोलणं बंद झालं. औषधाचे थेंब घातले, शिरेतून औषध सुरू केलं. नर्स म्हणाली, "नातेवाइकांनी बाहेर दारापाशी थांबा."

"मी दारापाशी थांबत नसते," अक्का म्हणाल्या.

नर्सने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्या यंत्रावरून मान न उचलता म्हणाल्या, "कोपऱ्यात स्टूल आहे. हलू नका म्हणजे झालं." अक्का काकूंनी शिवलेल्या काळ्या पडद्याला पाठ लावून बसल्या, मांडीवर काकांचा चष्मा घेऊन. दाब उतरेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

संध्याकाळी ठणका ओसरला. दुसऱ्या दिवशी, रविवारी, सगळे उपासनेत असताना डॉक्टरीणबाईंनी लेझरने उजव्या डोळ्यात एक बारीक भोक पाडलं. आधी त्यांनी काकांना समजावलं होतं: मुख्य वाट बुजली तरी पाणी या भोकातून पलीकडे जाईल आणि वाट पुन्हा मोकळी होईल.

"खिडकीच्या चौकटीला खालून भोक ठेवतो आम्ही," काका म्हणाले. "पाऊस आत साचू नये म्हणून."

"तसंच समजा."

"ते ठेवायला विसरलं तर शिसं फुगतं."

"इथे नस दबते. दबलेली नस परत येत नाही." त्यांनी पुढचं सरळ सांगितलं. उजव्या डोळ्याने किती दिसेल ते आता नाही, सूज उतरल्यावर कळेल. बाजूचं काही गेलं असावं. डावा डोळाही त्याच घडणीचा आहे. त्यालाही असंच भोक पाडायचं, आधीच, लवकर. गुरुवारी सकाळी नऊला या. तोवर हे थेंब, आणि काळोखात बसायचं नाही.

"डाव्या डोळ्यालाही कडं दिसू शकतं?" काकांनी विचारलं.

"भोक पाडेपर्यंत दिसू शकतं. म्हणूनच पाडायचं."

काकू खुर्चीतच ताठ झाल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. तो काय विचार करतो आहे, ते बघायची गरज नव्हती.

निघताना काकांनी खिशातला साच्याचा छोटा कागद काढून डॉक्टरीणबाईंना दाखवला. त्यांनी तो खिडकीशी नेऊन पाहिला. "क्रम बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "इतकं व्यवस्थित मला कोणी काढून दाखवलं नव्हतं." मग जरा वेळाने, "खिडकीत लावणार असाल तर मला बघायला आवडेल. उन्हात."

सोमवारी पाळकसाहेब आणि खजिनदार यांनी चर्चमधले उरलेले पडदे काढले. शिडी लावलीच होती म्हणून वेदीवरची फळीही काढली आणि भोकाला पातळ पारदर्शक कागद लावला. पाळकसाहेबांनी मंडळीला सांगितलं की काका दवाखान्यात होते, प्रार्थना करा, आणि ज्यांना मेणबत्तीभोवती काही दिसत असेल त्यांनी आधी मला येऊन सांगा. दोघं जण आले. एकाला चष्म्याचा नंबर निघाला. दुसऱ्याने नुसतं लक्ष वेधण्यासाठी तसं सांगितलं होतं.

साक्षीबद्दल कोणी काही विचारलं नाही. काकांनीही काही सांगितलं नाही.

मंगळवारी ते जुना चष्मा लावून टेबलाशी बसले. उजव्या डोळ्याने त्यांना टेबलाचा मधला भाग दिसत होता, उजवी कड नाही. निळ्याचे, हिरव्याचे, पिवळ्याचे तुकडे शिशात बसले. डाग दिले. बाहेरचं लाल रिकामं राहिलं. काकू समोर बसून उरलेल्या काळ्या कापडाच्या पिशव्या शिवत होत्या.

"एकदाच," काका म्हणाले. "डाव्या डोळ्याने. पाच मिनिटं. तू जवळ उभी राहा."

काकूंनी मशीन थांबवलं नाही. "लाल आठवत नाही?"

"आठवतो. पण आठवतो तो बरोबर आहे का, ते कळत नाही."

"अहो, कोकरू होतं की कबूतर, तेही कोणाला बरोबर आठवलं नाही. तरी सगळे जात होतेच ना चर्चला?"

काका हसले. मग बराच वेळ हसले नाहीत.

बुधवारी संध्याकाळी अक्का आल्या. त्यांनी पर्समधून काकांचा नेहमीचा चष्मा काढला, जो शनिवारपासून त्यांच्याकडेच राहिला होता, आणि टेबलावर ठेवला. टेबलावरचा एक लाल तुकडा उचलून त्यांनी खिडकीशी धरला, मग दुसरा.

"मला यातलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "पण शनिवारी मला तुझा डोळा दिसला, तो या रंगाचा होता." आणि एक तुकडा वेगळा काढून ठेवला.

काकांनी तो तुकडा उचलला नाही आणि बाजूलाही सारला नाही.

गुरुवारी सकाळी सव्वाआठला पाळकसाहेबांची गाडी दाराशी आली. काकू पिशवी घेऊन बाहेर उभ्या होत्या, अक्का आधीच मागच्या सीटवर बसल्या होत्या. काका आत होते. वर्कशॉपचं दार लोटलेलं होतं. फटीतून दिव्याचा उजेड येत होता की मेणबत्तीचा, याबद्दल काकू आणि अक्का यांचं एकमत नाही. अक्कांनी वेगळा काढलेला लाल तुकडा टेबलावर नव्हता. पाळकसाहेबांनी एकदा हॉर्न वाजवला.

"आलो," काका आतून म्हणाले.